आधी मानसोपचार शिकावा की ईश्वरविज्ञान?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र बरेच मोठे आहे, म्हणून इतर वाचकांसाठी त्याचा गाभा आधी सांगते. तुम्ही मानसशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली आहे, लहानपणापासून मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, वाढला आहात, आणि ख्रिस्ती ईश्वरविज्ञान व मानसिक आरोग्यसेवा यांची सांगड घालणारे शिक्षण घ्यावे, असे गेली दोन वर्षे तुमच्या मनात आहे. मंडळीतील एक वडीलधारे विचारतात की पवित्र शास्त्र हाताशी असताना मानसशास्त्र हवेच कशाला. तुमच्या प्राध्यापिकांचे म्हणणे असे की श्रद्धा ही चपलांसारखी उपचाराच्या खोलीबाहेर काढून ठेवायची गोष्ट आहे. मधल्या काळात तुमच्या एका मैत्रिणीने, 'विश्वास कमी पडतो म्हणूनच गोळ्या लागतात' असे कोणाकडून तरी ऐकले, डॉक्टरांना न विचारता नैराश्यावरचे औषध बंद केले, आणि पुढचे तीन महिने तिच्या घरच्यांनी कसे काढले ते तुम्ही जवळून पाहिले. तुमचे प्रश्न तीन आहेत: हा अभ्यास म्हणजे खरी विद्या आहे की दोन्हीकडची तडजोड, आधी काय शिकावे, आणि या वाटेने गेल्यास श्रद्धा किंवा व्यवसाय यांपैकी एकावर पाणी सोडावे लागेल का.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. जिथे काम करायचे आहे तिथल्या कायद्याने व्यवसायाचा परवाना मिळवून देणारे मानसोपचाराचे किंवा समुपदेशनाचे प्रशिक्षण प्रथम पूर्ण करा, आणि ईश्वरविज्ञान त्यानंतर किंवा त्याच्या जोडीने, पण स्वतंत्र विषय म्हणून शिका. एक विद्या श्रेष्ठ आणि दुसरी दुय्यम, असा विचार या क्रमामागे नाही. समोरचा माणूस आत्महत्येच्या विचारात आहे का, त्याच्या उदासीनतेमागे थायरॉइडचा विकार आहे का, त्याला ऐकू येणारा आवाज ही प्रार्थनेतील अनुभूती आहे की सायकोसिसची, म्हणजे वास्तवाचे भान सुटण्याच्या विकाराची, सुरुवात, हे ज्याला ओळखता येत नाही त्याच्या हाती दुखावलेला माणूस सोपवणे धोक्याचे असते, आणि ही ओळख अनुभवी पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली शेकडो तास काम केल्याशिवाय येत नाही. माझे एक शिक्षक गमतीने म्हणत की निदानातली चूक जिवावर बेतते, ईश्वरविज्ञानातली चूक पुढच्या रविवारी सुधारता येते. मला ते पुरते पटलेले नाही. तुमच्या मैत्रिणीच्या बाबतीत झालेली चूक ईश्वरविज्ञानातलीच होती आणि ती रविवारची वाट पाहत थांबली नाही. म्हणूनच दुसरी विद्याही तितक्याच काटेकोरपणे शिकायला हवी, असे मी म्हणते.

आता पहिला प्रश्न. तुमचे वडीलधारे आणि तुमच्या प्राध्यापिका एका गोष्टीवर नकळत सहमत आहेत: ही दोन क्षेत्रे मुळात एकमेकांना परकी असून कोणीतरी अलीकडे ती ओढूनताणून जवळ आणली, असे दोघांनाही वाटते. इतिहास तसे सांगत नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इवाग्रियस या साधकाने माणसाला छळणाऱ्या आठ प्रकारच्या विचारांची मांडणी केली, आणि त्यांतील 'अकेदिया'चे, म्हणजे भर दुपारी दाटून येणाऱ्या त्या जडपणाचे, सूर्य हलतच नाही असे वाटण्याचे, आपली खोली आणि आपले काम नकोसे होण्याचे त्याने केलेले वर्णन आजच्या कोणत्याही समुपदेशकाला ओळखीचे वाटेल. सतराव्या शतकात इंग्लंडमधील रिचर्ड बॅक्स्टर हा प्युरिटन पंथाचा पाळक, म्हणजे चर्चचा धर्मोपदेशक, खिन्नतेने ग्रासलेल्या विश्वासणाऱ्यांना सांगत होता की त्यांनी दीर्घ ध्यान करत बसू नये, कारण आजारी मनाला ते पेलत नाही. त्यांनी एकटे राहू नये. आणि औषधाकडे दुर्लक्ष करू नये, इतके की रुग्ण नको म्हणत असला तरी जवळच्यांनी त्याला औषध घ्यायला लावावे. तुमच्या मैत्रिणीला दिलेला सल्ला जुन्या, निर्भेळ श्रद्धेच्या नावाने दिला गेला असेल, तर त्याच श्रद्धेचा एक नामांकित पाळक साडेतीनशे वर्षांपूर्वी नेमके उलट लिहून गेला आहे, हे तुम्ही निर्धास्तपणे सांगू शकता.

विसाव्या शतकातील दोन माणसे तर तुम्ही जरूर अभ्यासावीत. त्यांतले एक स्वित्झर्लंडचे पाळक ऑस्कर फिस्टर. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार १९०९ मध्ये सुरू झाला आणि फ्रॉइड यांच्या अखेरच्या काळापर्यंत टिकला. फ्रॉइड यांनी १९२७ मध्ये धर्म हा भ्रम आहे असे पुस्तकभर मांडले, तेव्हा फिस्टर यांनी पुढच्याच वर्षी त्याला लेखी उत्तर दिले. मैत्री तुटली नाही, फिस्टर यांनी पाळकपद सोडले नाही आणि मनोविश्लेषणही सोडले नाही. दुसरे अमेरिकेतील अँटन बॉयसेन. हे स्वतः पाळक होते आणि १९२० मध्ये तीव्र मनोविकाराने त्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले होते. बरे झाल्यावर ते मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयात चॅप्लेन, म्हणजे रुग्णांना आध्यात्मिक आधार देणारे पाळक, म्हणून रुजू झाले, आणि १९२५ च्या उन्हाळ्यात त्यांनी ईश्वरविज्ञानाच्या मोजक्या विद्यार्थ्यांना तिथे शिकायला आणले. ग्रंथांचा अभ्यास करता तसाच या 'जिवंत मानवी दस्तऐवजांचा' अभ्यास करा, ही त्यांची शिकवण. आज जगभर क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन या नावाने चालणारे प्रशिक्षण त्या उन्हाळ्यातून वाढले. या क्षेत्राच्या मुळाशी स्वतः रुग्ण राहिलेला माणूस आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, आणि अभ्यासक्रमांच्या माहितीपत्रकांत ती क्वचितच दिसते.

पुढे वाटा फुटल्या. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातील फुलर सेमिनरी या धर्मशिक्षण संस्थेने ईश्वरविज्ञानाच्या शेजारी मानसशास्त्राचे पूर्ण विद्यालय उभे केले, आणि दोन्ही विद्यांचे 'एकात्मीकरण' हा शब्द रुळत गेला. १९७० मध्ये जे अ‍ॅडम्स यांनी याच्या उलट टोकाची भूमिका घेतली: शारीरिक कारण असलेले आजार वगळता बाकीच्या मानसिक तक्रारींना पवित्र शास्त्रावर आधारलेला बोध हेच उत्तर आहे. तुमचे वडीलधारे ज्या प्रवाहातून बोलत आहेत त्याचा हा आधुनिक उगम. अ‍ॅडम्स यांना वाचल्याशिवाय नाकारू नका. पाळकांनी दुःखी माणसाला तज्ज्ञाच्या दारात सोडून अंग काढून घेऊ नये, ही त्यांची तक्रार खरी होती, जरी निदानाबद्दलचा त्यांचा आत्मविश्वास मला भयावह वाटत असला. या दोन भूमिकांच्या दरम्यान आणि आजूबाजूला आणखीही भूमिका आहेत. त्यांची नावे कोणताही अभ्यासक्रम पहिल्या महिन्यात पाठ करून घेतो, त्यामुळे इथे त्यांत शिरत नाही.

मला स्वतःला सर्वांत उपयोगी पडलेली मांडणी ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासक डेबोरा व्हान ड्यूझन हन्सिंगर यांची आहे. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात त्यांनी इ. स. ४५१ च्या खाल्सेडोन येथील धर्माचार्यांच्या परिषदेचे सूत्र या प्रश्नाला लावून पाहिले. ख्रिस्ताचे ईश्वरत्व आणि मनुष्यत्व यांच्यात सरमिसळ नाही, बदल नाही, विभागणी नाही आणि ताटातूटही नाही, असे ती परिषद म्हणाली होती. हन्सिंगर म्हणतात की ईश्वरविज्ञान आणि मानसशास्त्र यांचे नातेही समुपदेशकाने काहीसे असेच सांभाळावे. अपराधगंडाला पाप म्हणू नये आणि पापाला अपराधगंड म्हणून उडवून लावू नये; पण एकाच माणसात दोन्ही एकाच वेळी असू शकतात, हेही विसरू नये. अंतिम अर्थाच्या बाबतीत त्या ईश्वरविज्ञानाला तार्किक अग्रक्रम देतात, मात्र त्या अग्रक्रमाच्या जोरावर त्याने निदानात ढवळाढवळ करावी, असे त्यांना मान्य नाही. तुमच्या 'विद्या की तडजोड' या प्रश्नाचे माझे उत्तर हेच आहे: दोन्ही विद्या आपापल्या शिस्तीत पूर्ण राहिल्या तर ही विद्या आहे, आणि दोन्ही अर्ध्या करून एकीत दुसरी कालवली तर ती तडजोडही नाही, नुसता घोटाळा आहे.

हे हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण जरा सविस्तर देते. सतत पापाची शंका छळणे, क्षमा मिळाली की नाही याची खात्री कधीच न पटणे, पुन्हा पुन्हा पापांगीकार करावासा वाटणे, या अवस्थेला स्क्रुप्युलॉसिटी म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ टोकदार बारीक खडा. वहाणेत शिरलेला खडा जसा पावलागणिक टोचतो तशी ही शंका टोचते. आजच्या मानसोपचारात हा बहुतेक वेळा ओसीडीचा, म्हणजे बोलीभाषेत ज्याला मंत्रचळ म्हणतात त्या विकाराचा, एक प्रकार मानला जातो. जेज्युइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला १५२२ च्या सुमारास स्पेनमधील मानरेसा येथे याच अवस्थेत सापडले होते. सविस्तर पापांगीकार करूनही काहीतरी राहिले असे त्यांना वाटे. जीव द्यावा असेही विचार येत. त्यांचा कबुलीजबाब ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी त्यांना सांगितले की मागची पापे आता पुन्हा सांगायची नाहीत, अगदी स्पष्ट असलेले एखादे असेल तरच सांगा. इग्नेशियस यांना प्रत्येकच पाप अगदी स्पष्ट वाटत असल्यामुळे त्या सवलतीने सारे मुसळ केरात गेले. अखेर जुने काहीही पुन्हा कबूल करायचे नाही असे त्यांनी स्वतःच ठरवले, आणि तिथून ते सुटत गेले.

हा प्रसंग ओसीडीवर उपचार करणाऱ्या कोणालाही चटकन उमगेल. १९६६ मध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांनी ज्या पद्धतीचा पाया घातला, ती शंकेला सामोरे जायला लावते आणि शंका शमवणारी कृती करू देत नाही. तिचा सारा भर त्या 'तरच' या पळवाटेला दार न ठेवण्यावर असतो. धर्मगुरूंचा सल्ला नव्वद टक्के बरोबर होता, आणि आजार उरलेल्या दहा टक्क्यांत राहत होता.

याच बाबतीत मी स्वतः चुकले आहे, ते सांगायला हवे. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक गृहस्थ येत. पवित्र आत्म्याविरुद्धचे, क्षमा न होणारे दुर्भाषण आपल्या हातून झाले आहे का, हा त्यांचा प्रश्न. मी नुकतेच ईश्वरविज्ञान शिकले होते. त्या वचनाचा संदर्भ, ग्रीक शब्द, अभ्यासकांची मते असे सारे मी त्यांच्यापुढे मांडले, आणि ते डोळे पुसत, हलके होऊन गेले. दोन दिवसांनी तोच प्रश्न घेऊन परत आले. मी आणखी चांगले समजावले. असे चार-पाच आठवडे झाल्यावर माझ्या पर्यवेक्षकांनी शांतपणे विचारले, "त्यांचा शंका शमवण्याचा विधी आता तुम्हीच पार पाडता आहात, हे लक्षात येते आहे का?" माझे निर्दोष ईश्वरविज्ञान त्यांच्यासाठी हात धुण्याच्या साबणासारखे झाले होते.

याचा अर्थ तिथे ईश्वरविज्ञानाचे काम नव्हते असा मात्र नाही. त्या गृहस्थांसाठी उपचाराची पुढची आखणी करताना, कोणत्या गोष्टी त्यांच्या पंथात खरोखर पाप मानल्या जातात आणि कोणत्या केवळ आजाराने पाप ठरवल्या आहेत, हे जाणणारे कोणीतरी हवे होते, कारण श्रद्धावंताला त्याच्या सदसद्विवेकाविरुद्ध काही करायला लावणे हा उपचार नव्हे. त्यांच्या परवानगीने मी त्यांच्या पाळकांशी बोलले. खात्री देणारे उत्तर पाळकांनीही द्यायचे नाही, असे आमचे ठरले. आणि तारण आपल्या खात्रीवर अवलंबून नसून कृपेवर आहे, हे जे मी त्यांना आधी औषधाच्या मात्रेसारखे वारंवार पाजत होते, ते पुढे त्यांनी स्वतःच, शंका न फिटताही चर्चमध्ये जाऊन बसण्याचे कारण म्हणून वापरले. वाक्य तेच होते. ते कोणी, केव्हा आणि कशासाठी उच्चारले, यावर त्याचा गुण ठरला.

संशोधनाचा भागही तुम्हाला नीट शिकावा लागेल, कारण 'श्रद्धा आरोग्याला चांगली' हे विधान जितक्या सहज केले जाते तितके ते सरळ नाही. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांनी श्रद्धेच्या आधाराने संकटाला तोंड देण्याच्या रीतींचे दोन गट केले: देव सोबत आहे, मंडळी सोबत आहे या भावनेतून येणारे सामर्थ्य, आणि देवाने मला टाकले, देव मला शिक्षा करतो आहे या भावनेतून येणारा झगडा. पहिला बहुधा पोषक ठरतो, तर दुसरा हानिकारक ठरू शकतो. आजारी वृद्धांवरील त्यांच्या २००१ मधील अभ्यासात असा झगडा असलेल्यांचा मृत्यूचा धोका काहीसा अधिक आढळला. यासाठी त्यांनी केलेली १४ विधानांची छोटी प्रश्नावली जगभर वापरली जाते. रुग्ण श्रद्धावान आहे, एवढे नोंदवून थांबणाऱ्या समुपदेशकाने अजून काहीच विचारलेले नसते.

ईश्वरविज्ञान शिकताना एक पथ्य पाळा. भीतीवर हे वचन, चिंतेवर ते वचन, अशा याद्या देणारे अभ्यासक्रम टाळा. सृष्टी, पतन, देवाच्या प्रतिमेत निर्माण झालेला मनुष्य, दुःख, क्रूस, कृपा या विषयांवर मंडळीने शतकानुशतके काय विचार केला ते शिका, आणि मूळ भाषा थोडीफार येईल तर उत्तमच. मग बायबलमधील स्तोत्र ८८ वेगळे वाचता येईल; त्याचा शेवट अंधारातच होतो, आणि तरीही ते प्रार्थनाग्रंथात ठेवले गेले. दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस मुकाट्याने त्याच्याजवळ बसले, आणि तोंड उघडल्यावर चुकले. १ राजे १९ मध्ये संदेष्टा एलीया मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला बोध करत नाही. तो झोपतो, त्याला खायला मिळते, पुन्हा झोपतो, पुन्हा खायला मिळते, आणि देवाशी संभाषण होते ते चाळीस दिवसांनंतर. शास्त्रातील या जागा तुमच्या वडीलधाऱ्यांनाही पाठ असतील. त्या मानसशास्त्रातून आणलेल्या नाहीत, हे त्यांना सांगावे लागणार नाही.

नीतीच्या बाबतीत तुमच्या प्राध्यापिकांची काळजी मी हसण्यावारी नेणार नाही. जागतिक मानसोपचार संघटनेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भूमिकापत्रात म्हटले आहे की रुग्णाची श्रद्धा आणि आध्यात्मिकता ही माहिती घेण्याची नेहमीची बाब असावी, आणि त्याच वेळी, डॉक्टरने आपल्या पदाचा उपयोग धार्मिक किंवा धर्मनिरपेक्ष, कोणत्याही जीवनदृष्टीच्या प्रचारासाठी करू नये. या दोन्ही अर्ध्या भागांना सारखेच बांधून राहा. समोरची व्यक्ती काय मानते हे तिच्याकडून समजून घ्यायचे असते. तुम्ही काय मानता हे तिने विचारले आणि सांगण्याने तिचा लाभ होणार असेल तरच सांगायचे. प्रार्थना उपचाराचा भाग असेल तर पहिल्याच भेटीत स्पष्ट संमती घ्या. स्वतःच्याच मंडळीतील माणसांवर शक्यतो उपचार करू नका. ज्या बाईने मंगळवारी तुमच्यासमोर नवऱ्याच्या मारहाणीबद्दल सांगितले, तिला रविवारी त्याच बाकावर तुमच्याशेजारी बसताना काय वाटेल, याचा विचार करा. शिवाय पापांगीकाराची गुप्तता आणि समुपदेशनातील गोपनीयता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. जिवाला धोका असेल किंवा मुलावर अत्याचार होत असेल, तर समुपदेशकाला कायद्याने बोलावे लागू शकते, आणि ही मर्यादा समोरच्याला आधीच सांगितलेली असली पाहिजे.

संस्था निवडताना माहितीपत्रकापेक्षा प्रश्नांवर भर द्या. या पदवीने परवाना मिळतो का, पर्यवेक्षणाचे तास किती आणि पर्यवेक्षक कोणत्या पात्रतेचे, ईश्वरविज्ञान शिकवणारे प्राध्यापक त्या विषयातलेच आहेत की मानसशास्त्रज्ञच फावल्या वेळात ते शिकवतात, ख्रिस्ती नसलेल्या रुग्णांबरोबर काम करायला मिळते का, एवढे विचारा. शेवटच्या प्रश्नावर जी संस्था अडखळेल तिथे जाऊ नका.

श्रद्धा जाईल का, या तिसऱ्या प्रश्नाला मी खोटा दिलासा देणार नाही. ती बदलेल. लहानपणी शिकलेली काही वाक्ये, विशेषतः दुःखाचे कारण तत्परतेने सांगणारी, तुम्हाला उच्चारवणार नाहीत. योहान ९ मध्ये जन्मांधाकडे पाहून 'पाप कोणाचे?' असे विचारणाऱ्या शिष्यांना येशूने काय उत्तर दिले (ना याचे, ना याच्या आईबापांचे), ते तुम्हाला वारंवार आठवेल. व्यवसायाचे म्हणाल, तर काही सहकारी तुम्हाला अर्धवट शास्त्रज्ञ समजतील आणि काही विश्वासणारे अर्धवट ख्रिस्ती. फिस्टर यांनी ते तीस वर्षे सोसले. तुमच्याच स्वतःच्या आधारासाठी म्हणाल, तर या विषयाशी संबंध नसलेला एखादा पर्यवेक्षक आणि तुमच्या रुग्णांशी संबंध नसलेला एखादा आध्यात्मिक मार्गदर्शक, असे दोघेजण सुरुवातीपासून गाठीशी ठेवा.

वडीलधाऱ्यांशी वाद घालू नका. त्यांच्याबरोबर बसून बॅक्स्टर वाचता आला तर पाहा. मैत्रिणीकडे मात्र प्रवेशअर्जाची वाट न पाहता या आठवड्यातच जा. औषध पुन्हा सुरू करण्याचा निर्णय तिचा आणि तिच्या डॉक्टरांचा आहे, तुमचा नव्हे. पण त्यांच्याकडची पुढची भेट कधी आहे ते विचारा, हवे असल्यास सोबत जा, जीव नकोसा झाल्याचे विचार येतात का हे न घाबरता थेट विचारा, आणि येतात असे ती म्हणाली तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आणि तिने स्वतःहून प्रार्थना करायला सांगितली, तर करा.